पिंपरीचें नांव आणि संदर्भाची वाट

शास्त्रीय नियतकालिकासाठीं निबंध लिहिणाऱ्या एखाद्या तरुण पशुवैद्यास, या कामांतील सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता असें विचारलें, तर तो बहुधा शेवटच्या दोनतीन पानांकडे बोट दाखवील. प्रयोग करण्यांत उत्साह असतो, निष्कर्ष मांडण्यांत अभिमान असतो. परंतु संदर्भांची यादी तयार करावयाची म्हटली कीं लेखकाचा हात जड होतो. लेखकाचें आडनांव आधीं कीं आद्याक्षरें आधीं, वर्ष कंसांत कीं कंसाबाहेर, नियतकालिकाचें नांव तिरप्या टाइपांत कीं सरळ, खंडाचा अंक ठळक कीं साधा, अशा शेंकडों बारकाव्यांचा हा व्यवहार त्याला निव्वळ कारकुनी वाटतो. श्रोतेहो, आजच्या भाषणांत मला या कारकुनीचा इतिहास सांगावयाचा आहे. या इतिहासाचा कांहीं भाग आपल्या पुण्यांत घडला, कांहीं भाग पुण्याच्या वायव्येस पिंपरीच्या कारखान्यांत घडला, आणि त्याचें एक प्रकरण तर चंद्रपूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याच्या रक्ताच्या थेंबापर्यंत जाऊन पोंचलें.

आपण जें लिहितों त्याला आधार काय, हें सांगण्याची रीति आपल्याकडे नवी नव्हे. मुळांत आधार नसलेलें कांहीं लिहिणार नाहीं, ही प्रतिज्ञा मल्लिनाथानें आपल्या टीकांच्या आरंभीं केलेली प्रसिद्ध आहे. आपल्या टीकाकारांनीं पूर्वाचार्यांचीं मतें मांडतांना त्या त्या आचार्याचें नांव घेतलें आणि ‘इति’ या दोन अक्षरी शब्दानें उसनें वचन कोठें संपलें याची खूण केली. पशुवैद्यकहि या परंपरेला अपवाद नाहीं. अश्वचिकित्सेला शालिहोत्राचें नांव इतकें चिकटलें कीं, तें व्यक्तीचें नांव न राहतां शास्त्राचेंच नांव बनलें. आणि हत्तींच्या रोगांवरील प्रचंड ग्रंथ पालकाप्य मुनीच्या नांवावर चालत आला.

हा पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ छापून प्रसिद्ध झाला तो पुण्यांत. महादेव चिमणाजी आपटे यांनीं १८८८ सालीं स्थापन केलेल्या आनंदाश्रमानें आपल्या संस्कृत ग्रंथावलींत तो १८९४ मध्यें काढला. या ग्रंथावलीची एक पद्धति आजच्या लेखकानें मुद्दाम पाहण्यासारखी आहे. संपादनासाठीं जीं हस्तलिखितें मिळालीं त्यांना क, ख, ग अशीं अक्षरें द्यावयाचीं, कोणतें अक्षर कोणत्या प्रतीचें व ती प्रत कोणाकडून आली हें आरंभीं नमूद करावयाचें, आणि पाठभेद असेल तेथें तळटिपेंत तें अक्षर घालावयाचें. म्हणजे वाचकाला शंका आली, तर त्यानें संपादकाच्या शब्दावर विश्वास ठेवून बसण्याचें कारण नाहीं. अक्षराच्या धाग्यानें तो थेट मूळ पोथीपर्यंत जाऊं शकतो. संदर्भाचें सगळें तत्त्व या एका अक्षरांत आलें. आधाराचें नांव घेणें हें सौजन्य झालें. आधारापर्यंत जाण्याची वाट दाखविणें हा संदर्भ झाला.

जुन्या टीकाकारांनीं सौजन्य पाळलें, परंतु वाट पुष्कळदां दाखविली नाहीं. त्यांचा वाचक ग्रंथ मुखोद्गत असणारा होता; त्याला पृष्ठांक सांगून काय उपयोग? आणि प्रत्येक पोथीचें पान निराळें असतां पृष्ठांक सांगावयाचा तरी कोणता? छापखाना आला तेव्हां हें चित्र पालटलें. एकाच पुस्तकाच्या सर्व प्रतींचें सतरावें पान एकच असूं लागलें, आणि मग पान सांगण्यांत अर्थ आला. १६६५ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या मंडळींत शास्त्रीय नियतकालिक निघालें, तेव्हां खंड व वर्ष यांनाहि महत्त्व आलें. फ्रान्समध्यें लिआँ येथें १७६२ सालीं पशुवैद्यकाचें पहिलें आधुनिक विद्यालय सुरू झालें आणि जनावरांच्या रोगांवरील लेखनहि हळूहळू याच प्रवाहांत येऊन मिळालें. तरीसुद्धां एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत संदर्भ देण्याची रीत ज्याची त्याची होती; कोणी पानाखालीं टीप देई, कोणी वाक्याच्या ओघांतच पूर्वसूरीचें नांव घेऊन पुढें जाई.

१८८१ सालीं हार्वर्ड विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनीं बागेंतील एका शंखहीन गोगलगाईच्या अंड्यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं पूर्वीच्या लेखकाचें नांव व त्याच्या लेखाचें वर्ष कंसांत घातलें, आणि तपशील शेवटच्या यादींत दिला. युक्ति अगदीं साधी होती. परंतु वाचतां वाचतांच हें मत कोणाचें व किती जुनें हें वाचकाच्या ध्यानांत येई, आणि सविस्तर पत्ता शोधावयाचा तर यादी हातीं होतीच. पुढें हीच पद्धति ‘हार्वर्ड’ या नांवानें जगभर गेली. पशुविज्ञानाच्या कित्येक नियतकालिकांत आजहि लेखकाचें नांव आणि वर्ष घालण्याची जी पद्धति आहे, तिचें मूळ त्या क्षुद्र गोगलगाईशीं जाऊन पोंचतें.

नेमक्या याच सुमारास हिंदुस्थानांत एक मोठा शोध लागत होता, आणि त्याचा संदर्भ कसा द्यावयाचा हा प्रश्नहि त्याबरोबरच जन्मास येत होता. ग्रिफिथ इव्हान्स या वेल्श पशुवैद्याला १८८० मध्यें डेरा इस्माइलखान येथें घोड्यांत व उंटांत पसरलेल्या ‘सर्रा’ नांवाच्या रोगाची चौकशी करण्यासाठीं पाठविण्यांत आलें. आजारी जनावरांचें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवतां त्याला त्यांत वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले, आणि हेच रोगाचें कारण असावें असें त्यानें निःशंकपणें मांडलें. उंदराच्या रक्तांतील अशाच जीवांचें वर्णन करणारे कलकत्त्याचे टिमथी लुइस हे त्या विषयाचे जाणते. परंतु असे जीव रोग उत्पन्न करतात ही कल्पना त्या काळच्या तज्ज्ञांना मानवली नाहीं. इव्हान्सचा अहवाल सरकारी दप्तरांत गेला. त्याचा लेख विलायतेच्या पशुवैद्यकीय नियतकालिकांतहि आला. तो छापला गेला हेंच महत्त्वाचें. न मानलेलें मतहि नोंदलेलें असलें म्हणजे पुढील पिढीला तें उघडून पाहतां येतें.

पुढें जॉन हेन्री स्टील या पशुवैद्यास ब्रह्मदेशांतील लष्करी खेंचरांत असाच रोग आढळला. १८८५ मध्यें त्यानें आपली चौकशी प्रसिद्ध केली. या जंतूची जाति ठरवितांना तो चुकला. परत परत उलटणाऱ्या तापाच्या मळसूत्री जंतूंशीं साम्य पाहून त्यानें याला ‘स्पायरोकीटा’ या गणांत बसविलें. परंतु नांव देतांना मात्र त्यानें मोठ्या मनानें पहिल्या शोधकाचें ऋण मान्य केलें आणि जातीला ‘इव्हान्सी’ हें विशेषण जोडलें. पुढें १८८८ मध्यें फ्रेंच शास्त्रज्ञ बाल्बियानी यांनीं हा जीव ‘ट्रिपॅनोसोमा’ या त्याच्या योग्य गणांत हलविला.

आतां आजच्या पशुवैद्यकीय ग्रंथांत हें नांव कसें लिहितात तें पाहा: ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी’, आणि त्यापुढें कंसांत ‘स्टील, १८८५’, कांहीं ठिकाणीं त्याच्याहि पुढें, कंसाबाहेर, ‘बाल्बियानी, १८८८’. प्राण्यांच्या नामकरणाचा आंतरराष्ट्रीय नियम असा आहे कीं, मूळ नांव देणाऱ्यानें जो गण सांगितला तोच आजहि कायम असेल, तर त्याचें नांव कंसाविना लिहावें. गण बदलला असेल, तर तें कंसांत घालावें. म्हणजे या इवल्याशा कंसानें केवढी हकीकत सांगितली! हें नांव स्टीलनें दिलें. परंतु त्याचें वर्गीकरण टिकलें नाहीं. तें कोणीतरी पुढें सुधारलें. कंस गाळला, तर स्टीलनें मुळांतच बरोबर गण सांगितला होता असा खोटा इतिहास आपण लिहितों. कंस ठेवून वर्ष चुकवलें, तर शोधाचा क्रमच उलटापालटा होतो. एका ओळींत तीन माणसें उभीं आहेत: पाहणारा विशेषणांत, नांव देणारा कंसांत, आणि सुधारणारा कंसाबाहेर. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, आणि ती जागा ज्याची त्याला देणें हा न्यायाचा भाग आहे. इव्हान्स शंभर वर्षें जगून १९३५ मध्यें वारला. आपल्या शोधाला जगानें मान दिलेला त्याला पाहावयास मिळाला, हें त्याचें भाग्य.

स्टीलचें नांव मुंबईकरांना दुसऱ्याहि कारणानें आठवावें. १८८६ मध्यें परळ येथें मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें, त्याचा तो पहिला प्राचार्य. १८८० नंतरच्या त्या दशकांत हिंदुस्थानांतील पशुवैद्यकाला वाहिलेलें एक त्रैमासिकहि तो चालवीत असे. शिकविणें, रोग शोधणें आणि शोध छापून ठेवणें हीं तिन्ही कामें एकाच माणसानें हातीं घेतलेलीं दिसतात, याचें कारण उघड आहे. छापून न ठेवलेला शोध शोधकाबरोबर जातो.

त्यानंतर तीनच वर्षांनीं पुण्याची पाळी आली. गुरांच्या साथींनीं, विशेषतः बुळकांड्यानें, शेतकऱ्याची दावण ओस पडत असे. या साथींची चौकशी करणाऱ्या हॅलन यांच्या मंडळाचा अहवाल १८७१ मध्यें आला होता. अखेर १८८९ च्या डिसेंबरांत पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारांत ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ स्थापन झाली आणि डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. बुळकांड्यासारख्या झपाट्यानें पसरणाऱ्या रोगावर गजबजलेल्या शहरांत काम करणें धोक्याचें, म्हणून १८९३ मध्यें ही संस्था कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें गेली. आज भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था म्हणून जी विख्यात आहे, तिचा हा पुण्यांतील पाळणा. या कार्याचा शेवटहि सांगण्यासारखा आहे: २००६ मध्यें भारत बुळकांड्यामुक्त ठरला, आणि २०११ मध्यें साऱ्या जगांतून हा रोग नाहींसा झाल्याची घोषणा झाली.

अशा संस्थेच्या कामाचा संदर्भ देणें म्हणजे लेखकाची परीक्षाच असते. जुने अहवाल नियतकालिकांत आलेले नसतात. त्यांना खंड नसतो, अंक नसतो. संस्थेचें नांव बदलतें, स्थळ बदलतें. नियतकालिकांचेंहि तसेंच आहे. १९३१ मध्यें पशुवैद्यक व पशुपालन यांसाठीं जें इंग्रजी सरकारी नियतकालिक सुरू झालें, त्याचें नांव १९६९ मध्यें ‘इंडियन जर्नल ऑफ अॅनिमल सायन्सेस’ असें झालें. १९५० सालच्या लेखाचा उल्लेख करतांना आजचें नांव घातलें, तर तें सोयीचें वाटेल. परंतु ग्रंथालयांतील कपाटावर त्या वर्षाच्या खंडाच्या पाठीवर तें नांव छापलेलें नसतें. म्हणून नियम असा कीं, लेख ज्या नांवाखालीं छापला गेला तेंच नांव द्यावें. बखरींतील गांवाचें नांव आपण आजच्या नांवानें बदलून टाकीत नाहीं, तसेंच हें.

लेख वाढले तशी त्यांची वाट दाखविणारीं माणसेंहि हवीं झालीं. येथें पशुवैद्यकानें साऱ्या शास्त्रांस धडा घालून दिला आहे. अमेरिकेच्या पशु-उद्योग खात्यांतील चार्ल्स वॉर्डेल स्टाइल्स आणि इंग्लंडहून तेथें गेलेला पशुवैद्य अल्बर्ट हॅसल या दोघांनीं परोपजीवी प्राण्यांवरील जगांतील लेखनाच्या चिठ्ठ्या तयार करावयास आरंभ केला. एका चिठ्ठीवर एक लेख: लेखक, वर्ष, नांव, स्थळ, पान. १९०२ पासून ही सूची छापून येऊं लागली आणि वैद्यकीय व पशुवैद्यकीय प्राणिशास्त्राचा तो आधारस्तंभ झाला. ज्यांनीं स्वतः एकहि नवा जंतु शोधला नसता तरी चाललें असतें, इतकें मोठें हें काम.

आतां पिंपरीकडे वळूं. पवनेच्या कांठचें हें गांव स्वातंत्र्यानंतर एका औषधाच्या कारखान्यामुळें देशभर माहीत झालें. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्यानें उभारलेली ‘हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स’ ही सरकारी कंपनी १९५४ मध्यें स्थापन झाली, आणि १९५५ मध्यें तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. पेनिसिलिन हें माणसाइतकेंच जनावराचेंहि औषध. दुभत्या गाईच्या कासेच्या सुजेपासून घोड्याच्या जखमेपर्यंत त्याचा उपयोग होतो. परंतु या कारखान्याच्या चालकांनीं केवळ औषधाच्या कुप्या भरल्या नाहींत. त्यांनीं संशोधनशाळा चालविली, आणि १९५८ पासून ‘हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स बुलेटिन’ हें स्वतःचें शास्त्रीय नियतकालिक काढलें.

या संशोधनशाळेंतील प्रमुख कवकशास्त्रज्ञ एम्. जे. तिरुमलाचार. मातींतील सूक्ष्म जीव वेगळे काढून, त्यांतून रोगजंतूंना मारणारीं द्रव्यें मिळतात काय हें पाहणें हें त्यांचें व त्यांच्या सहकाऱ्यांचें काम. अशाच एका जीवापासून त्यांना बुरशीजन्य रोगांवर गुणकारी द्रव्य मिळालें. त्याला त्यांनीं ‘हॅमायसिन’ म्हटलें. कारखान्याच्या इंग्रजी नांवाचीं दोन आद्याक्षरें त्यांत गुंफलेलीं आहेत. आणि तें द्रव्य देणाऱ्या जीवाला नांव दिलें ‘स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना’. पवनेकांठचें गांव अशा रीतीनें शास्त्राच्या लॅटिन भाषेंत दाखल झालें. पुढें याच जीवापासून मिळालेल्या एका निराळ्या रसायनाला ‘पिंप्रिनीन’ हें नांव पडलें आणि त्याची रचना १९६३ मध्यें ‘टेट्राहीड्रॉन’ या नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. १९६८ मध्यें आदिजीव व कृमि या दोहोंवरहि परिणाम करणारें ‘अँटिअमीबिन’ याच संशोधनशाळेनें जाहीर केलें. तें देणाऱ्या कवकांपैकीं एकाच्या नांवांत पुणें आहे, तर दुसऱ्याच्या नांवांत पुन्हां पिंपरी.

आतां हॅमायसिनच्या पहिल्या लेखाचा संदर्भ आपण उलगडून पाहूं. तो असा: तिरुमलाचार, मेनन व भट्ट, १९६१, हॅमायसिनचा शोध व जैविक अभ्यास, हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स बुलेटिन, खंड ३, पृष्ठें १३६ ते १३८. अवघी एक ओळ. नांवें सांगतात कीं श्रेय कोणाचें. तें तिघांचें आहे, एकट्याचें नाहीं. वर्ष सांगतें कीं शोध केव्हांचा. लेखाचें नांव सांगतें कीं आंत काय आहे. नियतकालिक, खंड आणि पृष्ठें हा पत्ता झाला. आणि या पत्त्यांतील भाग एकमेकांस साक्ष देतात. नियतकालिक १९५८ मध्यें निघालें, तर तिसरा खंड १९६१ च्या आसपास येणें सयुक्तिकच आहे. कोणीं ‘खंड १३’ लिहिलें, तर तेथेंच शंका यावी. म्हणून चांगला संपादक एकहि भाग गाळूं देत नाहीं. एक खांब ढासळला तरी दुसऱ्याच्या आधारें वाट सांपडावी, हा त्यांत हेतु असतो.

हें नियतकालिक मोठ्या जगांतील मोठें नियतकालिक नव्हतें. तरीहि १९६० नंतर अमेरिकेंतील वैद्यांनीं हॅमायसिन आपल्या बुरशीजन्य रोगांच्या रुग्णांवर वापरून पाहिलें, आणि त्यांच्या लेखांच्या शेवटीं पिंपरीच्या या अंकाचा उल्लेख येऊं लागला. छोट्या जागेंतून निघालेलें ज्ञान दूरवर जातें तें एका ओळीच्या वाहनानें. मोठ्या विद्यापीठाच्या लेखाचा पत्ता थोडा चुकला तरी तो शोधून काढणारे पुष्कळ असतात. पिंपरीच्या लेखाचा पत्ता चुकला, तर तो लेख जणूं लिहिलाच गेला नाहीं. म्हणून आपल्याकडील संशोधनाचा संदर्भ लिहितांना आपणच अधिक जपलें पाहिजे.

या जपणुकींत पहिली अडचण नांवांची येते. मराठी माणसाचें नांव, वडिलांचें नांव, आडनांव हा क्रम पाश्चात्य सूचीला सोपा जातो. आडनांव पुढें घेऊन दोन आद्याक्षरें मागें टाकलीं कीं काम झालें. दक्षिणेकडे तसें नाहीं. तेथें पुष्कळदां आडनांव नसतेंच. आधीं येणारीं आद्याक्षरें गांवाचीं अथवा वडिलांच्या नांवाचीं असतात आणि शेवटीं येतें तें त्या माणसाचें स्वतःचें नांव. तें न समजतां उलटापालट केली, तर एकाच माणसाच्या दोन व्यक्ति होतात. विवाहानंतर नांव बदललेल्या संशोधक स्त्रियांचें पूर्वीचें काम एका नांवाखालीं व पुढील काम दुसऱ्या नांवाखालीं विखुरतें. या घोटाळ्यावर उपाय म्हणून २०१२ पासून प्रत्येक संशोधकाला एक कायमचा अंक देण्याची ‘ऑर्किड’ नांवाची व्यवस्था निघाली. परंतु जुन्या लेखांना तो अंक नाहीं. तेथें लेखकाची सावधगिरी हाच उपाय.

रोगांच्या नांवांचेंहि असेंच आहे. ‘घटसर्प’ म्हटलें म्हणजे आपल्या शहरांतील डॉक्टर लहान मुलाच्या घशाकडे पाहील, आणि खेड चाकणचा शेतकरी आपल्या बैलाच्या गळ्याकडे. दोन्ही रोग गळ्याचे, दोन्ही घातक, परंतु त्यांचे जंतु सर्वस्वी निराळे. लोकभाषेंतील शब्द गोड असला, तरी शास्त्रीय नांव व त्याचा आधार सोबत दिल्यावांचून तो दूरच्या वाचकाला फसवूं शकतो.

पुढें वैद्यकाच्या संपादकांनीं दुसरी एक पद्धति रूढ केली. १९७८ मध्यें कॅनडांतील व्हँकूव्हर येथें त्यांतील कांहीं मंडळी एकत्र आली. एकच हस्तलिखित निरनिराळ्या नियतकालिकांकडे पाठवितांना लेखकांना पुन्हां पुन्हां टंकलेखन करावें लागूं नये, म्हणून त्यांनीं समान नियम ठरविले. त्यांत संदर्भाला केवळ अंक द्यावयाचा आणि ज्या क्रमानें तो मजकुरांत येईल त्याच क्रमानें यादींत लिहावयाचा. पशुवैद्यकाच्या नियतकालिकांत आज दोन्ही पद्धति आढळतात. अंकांच्या पद्धतीनें जागा वांचते व वाक्य मोकळें राहतें. नांव-वर्षाच्या पद्धतीनें वाचकाला शोधाचा काळ व कर्ता वाचतां वाचतांच कळतो. कोणती श्रेष्ठ हा वाद व्यर्थ आहे. ज्या नियतकालिकाकडे लेख पाठवावयाचा त्याची जी रीत, ती आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखी पाळावी, एवढेंच पुरे.

ही शिस्त पाळून साधतें काय, असें कोणी विचारील, तर त्याला २००४ सालची एक घटना सांगावी. चंद्रपूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याला कित्येक महिने चढउतार होणारा ताप येत होता. त्याच्या रक्तांत ट्रिपॅनोसोमा दिसले. आफ्रिकेंतील निद्रारोगाचे जंतु याच गणांतले. परंतु ते आफ्रिकेबाहेर नाहींत. तपासाअंतीं ठरलें कीं, हा तर जनावरांचा सर्रा, तोच इव्हान्सचा जंतु, जो माणसाला होत नाहीं असें तोंवर मानीत. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ मध्यें ही हकीकत प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें सुरामिन हें औषध मिळालें. घोड्या-उंटांच्या सर्ऱ्यावर तें फार पूर्वींपासून वापरांत होतें. रुग्ण बरा झाला. माणसाच्या रक्तांत या जंतूला मारणारें जें एक प्रथिन असतें, तें या रुग्णांत नव्हतें असें १९८० च्या नव्हे, तर २००६ च्या संशोधनानें दाखविलें. म्हणजे रोगाचें नांव कळल्यापासून दोन वर्षांत त्याचें कारणहि कळलें. माणसांच्या डॉक्टरांना येथें जनावरांच्या डॉक्टरांचें सव्वाशें वर्षांचें लेखन उपयोगी पडलें. डेरा इस्माइलखानपासून चंद्रपूरपर्यंतची ही वाट कोणा एकानें बांधलेली नाहीं; ज्यानें ज्यानें आपल्या पूर्वीच्या लेखकाचें नांव, वर्ष व पान नीट लिहिलें, त्यानें तिच्यांत एक एक दगड बसविला.

आणि वाट बिघडते तीहि अशीच, एकेका दगडानें. मूळ लेख न वाचतां दुसऱ्याच्या यादींतून संदर्भ उतरून घेण्याची संवय फार जुनी आहे. पहिल्यानें पृष्ठांक चुकविला कीं दुसरा, तिसरा, दहावा तोच चुकीचा अंक लिहितो, आणि अखेर चूकच प्रमाण होऊन बसते. ‘पांचामुखीं परमेश्वर’ ही म्हण पंचायतींत ठीक. शास्त्रांत पांचहि मुखें एकाच कानावरून बोलत असतील, तर तो परमेश्वर खरा नव्हे. पृष्ठांकाची चूक वाचकाचा वेळ घेते. परंतु औषधाच्या मात्रेचा आंकडा असा कर्णोपकर्णीं फिरला, तर गोठ्यांतील मुक्या जनावराचा प्राण घेतो. मूळ लेख न मिळाल्यास, अमक्याच्या लेखांत उल्लेखिलेला तमका, असें प्रांजळपणें लिहावें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

आज साधनें पुष्कळ सुधारलीं आहेत. यूजीन गारफील्ड यांनीं १९६४ मध्यें, कोणत्या लेखाचा उल्लेख पुढें कोणीं केला हें दाखविणारी सूची काढली. २००० पासून प्रत्येक लेखाला एक कायमचा अंक देण्याची व्यवस्था नियतकालिकांनीं अंगीकारली. संगणक एका क्षणांत शंभर संदर्भांचे स्वल्पविराम बदलून देतो. परंतु याच यंत्रांनीं एक नवा धोकाहि आणला आहे. लेखन करून देणारीं यंत्रें कधीं कधीं जगांत नसलेलेच संदर्भ रचतात: नांवें खऱ्यासारखीं, वर्ष बेताचें, खंड व पृष्ठें व्यवस्थित, मांडणी निर्दोष, आणि त्या पत्त्यावर घरच नाहीं! बाह्य रूप बिनचूक असणें आणि आधार खरा असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें यापूर्वीं इतक्या स्पष्टपणें कोणीं शिकविलें नव्हतें. स्वल्पविराम यंत्रानें लावावा. मूळ लेख मात्र माणसानेंच उघडून पाहावा.

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा सारा टापू आतां यंत्रांच्या घरघराटानें भरला आहे. तरी चाकणच्या बाजारांत बैलांचे दांत अजून पाहिले जातात, आणि तेथील पशुवैद्य रात्रीं अपरात्रीं गोठ्यांतून हिंडत असतात. गोठ्यांत जें दिसतें तें सगळें ग्रंथांत आलेलें नसतें. त्यांपैकीं कोणी आपला अनुभव लिहून काढील, त्याला पूर्वीचा आधार जोडील, आणि त्या आधाराची ओळ नीट तपासून मगच लेख टपालांत टाकील, तर पन्नास वर्षांनीं कोणीतरी अनोळखी वैद्य, कोण जाणे कोणत्या गांवीं, तीच ओळ धरून त्याच्यापर्यंत येईल. त्यानें त्या वेळीं दार बंद असल्याचें पाहूं नये, एवढ्याचसाठीं ही सारी कारकुनी आहे.